वारणेचा संगणक कोणाचा?

ग्रामीण भागातील संगणक आणि इंटरनेट या विषयावर गेल्या पंचवीस वर्षांत देशात आणि परदेशात जे लेखन झाले, त्यात कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे नाव वारंवार येते. १९९८ साली पंतप्रधान कार्यालयाने नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या प्रेरणेने येथे 'वायर्ड व्हिलेजेस' हा प्रकल्प उभा राहिला. वारणा खोऱ्यातील ७० गावे, ५४ केंद्रे आणि सुमारे अडीच कोटी रुपये खर्च. यातला निम्मा पैसा केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्य सरकारचा आणि १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. म्हणजे दर १०० रुपयांतले ९० रुपये सार्वजनिक तिजोरीतले होते. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा.

या लेखनातले हाती लागेल तेवढे मी वाचले. ते लिहिणारे बहुतेक अभियंते, व्यवस्थापनशास्त्रज्ञ किंवा अर्थशास्त्रज्ञ आहेत. प्रकल्प यशस्वी झाला की अयशस्वी, यंत्र स्वस्त की महाग, जोडणी चांगली की वाईट, याची चर्चा त्यांनी मनापासून केली आहे आणि त्यातली बरीचशी प्रामाणिकही आहे. परंतु एक शब्द या साऱ्या लेखनात फार सैलपणे वापरला गेला आहे. तो शब्द म्हणजे 'गाव'. गावाला माहिती मिळाली, गावाला लाभ झाला, गावाची क्षमता वाढली, अशी वाक्ये जागोजाग आढळतात. बाबासाहेबांनी संविधान सभेत गावाविषयी जे परखड मत मांडले, त्यानंतर निदान या मातीत तरी 'गाव' हा शब्द इतक्या निरागसपणे वापरता येऊ नये.

वारणेने काय सांगितले होते ते आधी पाहू. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, नोकऱ्यांच्या जाहिराती, जमिनीचे उतारे, मराठीतून दूरशिक्षण, हे सारे केंद्रातल्या संगणकावर गावात मिळेल, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात टिकले ते ऊस कारखान्याचे काम. उसाची नोंद, तोडीचा क्रम, काट्यावरचे वजन, बिलाची रक्कम, खतांची उचल. इंटरनेट म्हणून ज्याला आपण ओळखतो ते या केंद्रांतून सामान्य माणसापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाही. उताऱ्यांचे जाळे जोडले गेले नाही. केंद्रचालकाचा पगार सहकाराकडून येत होता, तेव्हा त्याचे कामही सहकाराचेच राहिले, यात नवल नाही.

यात काही भले झालेच नाही असे मी म्हणत नाही. उसाचे काम ज्याला ठाऊक आहे त्याला हे पटेल. फड पक्व झाला आणि तोड वेळेवर आली नाही तर ऊस वाळतो, वजन घटते आणि वर्षभराची कमाई रानातच कमी होते. तोड कधी येणार हे पूर्वी चिटबॉयच्या मर्जीवर कळायचे. वजनाची पावती हातात पडेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. बिल किती, कपात किती, हे कळायला तालेवार नसलेल्या शेतकऱ्याला गट ऑफिसच्या खेपा घालाव्या लागत. संगणकाने त्याच्या काही खेपा वाचवल्या. दोन-तीन एकरवाल्याला, आणि त्यात अर्धा-पाऊण एकर ऊस लावणारा एखादा महार-मांग सभासदही आला, याचा फायदाच झाला. दलितांत सभासद मुळीच नाहीत असा कांगावा करून आपले म्हणणे बळकट होणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्या संगणकाला प्रश्न विचारायचा तर आधी सभासद क्रमांक लागत होता. सभासद व्हायचे तर भागभांडवल हवे आणि ऊस हवा. ऊस हवा तर जमीन हवी, आणि नुसती जमीन नव्हे, पाण्याखालची जमीन. म्हणजे अडीच कोटींच्या त्या यंत्राचा दरवाजा अखेर सातबाऱ्यावर जाऊन अडकतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला केंद्रात येऊ नको असे कुणी म्हटले नसेल. तसे म्हणण्याची गरजच नव्हती. तो आला असता तरी त्याला त्या यंत्राकडे विचारण्यासारखे काही नव्हते. यंत्रात त्याचे नावच नव्हते.

मी स्वतः हातकणंगले तालुक्यातल्या एका गावचा. आमच्याकडे दुसऱ्या कारखान्याची हद्द. वडील हंगामात ऊस भरायला जात. आमच्या घराशी उसाचा संबंध मजुरीचा आणि जनावरांना आणलेल्या वाड्याचा. गट ऑफिसच्या भिंतीवर तोडीची यादी लागली की सगळी आळी वाचायला जायची, आम्ही पोरेही जायचो. शाळेत मी वाचायला शिकलो होतो म्हणून म्हाताऱ्या शेतकऱ्यांना त्यांची नावे शोधून द्यायचो. आडनावे वाचण्याचा माझा सराव त्या यादीवर झाला. वाचता येणे आणि यादीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा मला सांगता आले नसते. आज 'क्षमता-बांधणी' हा शब्द कानावर पडतो तेव्हा मला ती यादी आठवते.

आणि ऊसतोड कामगाराचे काय? हंगाम आला की बीड, धाराशिव आणि आसपासच्या दुष्काळी मुलखातून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. माणसांना हत्याराचे नाव आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून ती येतात, कारखान्याच्या हद्दीत पालात राहतात, पहाटेच्या थंडीत तोडतात आणि टनावर मजुरी मोजून घेतात. त्यांनी तोडलेल्या उसाचे वजन काट्यावर होते आणि यंत्रात नोंदले जाते. म्हणजे त्यांच्या घामाचा किलोकिलोचा हिशेब त्या संगणकात आहे. पण कारखान्याचा करार आणि पैशाचा व्यवहार तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराशी आणि मुकादमाशी होतो, म्हणून हा हिशेब विचारणारे खाते कामगाराचे नाही. आपण किती टन तोडले, त्यातून किती फिटले, उचल किती उरली, हे त्याला मुकादमाच्या वहीवरून आणि मुकादमाच्याच तोंडून कळते. शेतकऱ्याला चिटबॉयच्या मर्जीतून सोडवणारे यंत्र कोयत्याला मुकादमाच्या मर्जीतून सोडवू शकले असते. माहिती होती, यंत्र होते, केंद्र पालापासून हाकेच्या अंतरावर होते. हा विचार कुणाच्या योजनेत आला नाही, आणि वारणेवर लिहिणाऱ्यांना तो न आल्याची उणीवही जाणवली नाही.

पुढे २००६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी याच खोऱ्यात एक वेगळा प्रयोग केला. त्यांनी पाहिले की संगणक महाग आहे, सांभाळायला जड आहे, विजेवर अवलंबून आहे आणि त्याच्यावर होणारे काम तर मोजक्याच प्रकारचे आहे. हेच काम मोबाईलच्या एसएमएसवर का होऊ नये? सात गावांत त्यांनी ते करून दाखवले. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि उत्तरात वजनाचे, खताचे, बिलाचे आकडे मिळवायचे. प्रयोग नेटका होता. त्याचा निष्कर्ष मात्र संशोधकांनी काढला त्याहून मोठा आहे, असे मला वाटते. जगातले सारे ज्ञान गावात आणू म्हणून मांडलेले यंत्र आठ वर्षांनी काही अक्षरांच्या संदेशात मावले. 'गावाचे' म्हणवले जाणारे केंद्र प्रत्यक्षात एका खातेवहीची खिडकी होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? त्या वेळी संगणक हलवला असता तर वस्तीतल्या किती माणसांना तो गेल्याचे कळले असते, हा प्रश्न मी वाचलेल्या कोणत्याही लेखात विचारलेला नाही.

येथे 'सार्वजनिक' या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण सगळी गोम तेथे आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. तिची सार्वजनिकता सरदार, इनामदार, सावकार आणि वकील यांच्यापाशी येऊन थांबत होती. जोतीरावांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द घेतला तेव्हा त्याच्या अर्थात स्त्रिया आणि अतिशूद्र आले. तेव्हापासून आपल्या भाषेत या एका शब्दाचे दोन अर्थ नांदत आहेत आणि सरकारी योजनांत बहुधा पहिलाच वापरला जातो.

या कोल्हापुरातच शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथे अस्पृश्यांना मज्जाव करता येणार नाही असे बजावले. पण नुसत्या हुकमाने दार उघडत नाही हे त्या राजाला ठाऊक होते. म्हणून त्यांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी पैशाने चालणारी पाणवठ्यांसारखी स्थळे कागदोपत्री सर्वांना खुली झाली. चवदार तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी हातात घ्यावे लागले. त्यानंतर सवर्णांनी कोर्टात काय म्हणणे मांडले? तळे सार्वजनिक नाही, चौधऱ्यांचे आहे, हे! तो दावा निकालात निघायला मार्च १९३७ उजाडले. सार्वजनिक वस्तू कुणाची, याचा निर्णय ती वस्तू वापरू पाहणाऱ्या अखेरच्या माणसापाशी होतो, हे महाडने शिकवले. सरकारच्या ९० टक्के पैशांतून उभे राहिलेले केंद्र सभासदांचे म्हणून चालले, तेव्हा तेही चौधऱ्यांचे तळे झाले होते. फरक इतकाच, की या तळ्यावर कुणी मोर्चा नेला नाही.

दुसरे काही शक्यच नव्हते का? त्याच १९९८ साली पुद्दुचेरीत स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने विल्लियनूरला मुख्य ठाणे ठेवून खेड्यांत माहिती केंद्रे काढली. जागा गावाने द्यावी, पण तेथे दलितांसह सर्वांना येता आले पाहिजे, अशी अट तेथे आधी घातली गेली. अट घातली म्हणजे जात संपली असे मानण्याइतका मी भोळा नाही. तरीही मला तेथली एक गोष्ट फार मोलाची वाटते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावात समुद्राच्या लाटांची उंची संगणकावरून घेऊन ती ध्वनिवर्धकावरून सगळ्यांना ऐकवत. ध्वनिवर्धकाला सभासद क्रमांक लागत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याला अक्षर येत नाही, त्याच्याही जिवाच्या कामाची माहिती त्या यंत्रात घातली गेली. पुढे २००२ साली केरळने मलप्पुरम जिल्ह्यात 'अक्षय' योजना सुरू केली ती प्रत्येक घरातल्या एका माणसाला संगणक शिकवण्याच्या उद्देशाने. तेथे मोजमापाचे एकक घर होते. वारणेत ते खाते होते.

'क्षमता-बांधणी' या शब्दाबद्दल आता थोडे बोलतो. ज्याला क्षमता नाही त्याची क्षमता बांधायची, असा त्याचा सरळ अर्थ. पण क्षमता नाही ती नेमकी कुणाला? महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला, सरकारी नोकरीला तो आवश्यक ठरला आणि वाड्या-वस्त्यांवरच्या पोरापोरींनी उसनवारीने फी भरून प्रमाणपत्रे मिळवली. आमच्या वस्तीत अशी प्रमाणपत्रे भिंतीवर लावलेली घरे मी दाखवू शकेन. त्या घरांत संगणक नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. हे सगळ्या ग्रामीण घरांचे आकडे. त्यातून वस्तीचा आकडा काय असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. क्षमता शिकून झाली, ती वापरायची कुठे हा प्रश्न शिल्लक राहिला.

कुणी म्हणेल, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, आता सार्वजनिक केंद्राची गोष्ट कशाला काढता? हे मी स्टाफरूममध्ये अनेकदा ऐकतो. ऐकवणाऱ्यांच्या घरात दोन लॅपटॉप असतात. माझे उत्तर माझ्या वर्गात आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, मोबाईलवर येणारा ओटीपी, एवढे जमले की अर्ज पुढे सरकतो. मोबाईलच्या इवल्या पडद्यावर दाखले जोडता जोडता मुले रडकुंडीला येतात आणि शेवटी दुकानात जातात. शाहूवाडी तालुक्यातून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज पहिल्या वर्षी अशाच एका दुकानदाराने भरून दिला. वडिलांचा फोन त्या दिवशी लागत नव्हता, म्हणून त्याने खात्याला स्वतःचाच मोबाईल नंबर जोडला. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्याच्या फोनवर जाऊ लागला, आणि तोवर दुकान बंद करून तो कुठे गेला होता ते कुणालाच माहीत नव्हते. नाव तिचे, जात तिची, हक्क तिचा, आणि किल्ली परक्याच्या खिशात. ते खाते सोडवायला आम्हा दोघांना दीड महिना लागला. ती मुलगी तर्कशास्त्रात वर्गात पहिली आहे. तिची कोणती क्षमता बांधायची ते मला कुणी सांगावे.

म्हणूनच सार्वजनिक केंद्राचा प्रश्न मला शिळा वाटत नाही. खाजगी मोबाईलने प्रश्न घराघरांत वाटून टाकला, तो सोडवला नाही. २०१९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. भांडण वसतिगृहात मोबाईल वापरण्यावरून झाले होते. ज्या शहराने जातीजातींच्या मुलांना वसतिगृहे दिली त्या कोल्हापुरात या निकालावर एखादी साधी चर्चाही झालेली मी ऐकली नाही.

आता थोडे आपल्याविषयी. पाणवठा, देऊळ, शाळा, नोकरी, भाषा या सर्वांवर आपल्या चळवळीने आणि साहित्याने लिहिले, लढे दिले. यंत्राच्या वाटपाकडे मात्र आपण अभियंत्यांचा विषय म्हणून पाहत राहिलो. वारणेच्या प्रकल्पावर इंग्रजीत इतके निबंध लिहिले गेले, पण खोऱ्यातल्या बौद्धवाड्यातून पाहिलेला एकही मराठी लेख मला सापडला नाही. आणि हे त्या समाजाबाबत, ज्याने या माध्यमाचा उपयोग कुणीही न शिकवता केला! बाबासाहेबांचे इंग्रजी खंड सरकारी कोठारात संपले तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनी ते संकेतस्थळांवरून उतरवून फोनवर वाचले. भीमगीते, व्याख्याने, मोर्च्यांची हाक, अत्याचाराच्या बातम्या, ज्या वर्तमानपत्रात येत नाहीत त्या, या फोनवरून गावोगाव गेल्या. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातही 'केसरी'ने घेतली नव्हती. आज जाहिरातीसाठी कुणाच्या दारात जावे लागत नाही, हा बदल लहान नाही. परंतु ऐकणे, पाहणे, पुढे पाठवणे ही एक गोष्ट आणि सरकारी नोंदीत शिरून आपला हिशेब मागणे ही दुसरी. पहिली आपण आपल्या बळावर मिळवली. दुसरीसाठी जागा लागते, टेबल लागते, छपाईचे यंत्र लागते, अर्ज वाचून सांगणारा आपला माणूस लागतो. हे सारे एकट्याने विकत घेता येत नाही.

सरकारी पैसा नाही असेही नाही. २०११ साली मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट नावाने ओळखली जाणारी योजना ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्यासाठीच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासाचा निधी दरवर्षी येतो आणि गटारात, काँक्रीटच्या रस्त्यात, समाजमंदिराच्या फरशीत जातो. रस्ता नको असे कोण म्हणेल? पण समाजमंदिर बांधून झाले की ते लग्नाच्या भांड्यांची खोली होते, हेही आपण रोज पाहतो. त्याच खोलीत दोन संगणक, एक छपाईयंत्र आणि पंचायतीतून ओढलेली तार असावी, आणि ते सांभाळायला वस्तीतल्याच पदवीधर मुलीला मानधन असावे, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. मांडण्यापूर्वी मात्र कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी जाऊन तीन गोष्टी पाहून याव्यात. भारतनेटची पेटी ग्रामपंचायतीत आली आहे का, आली असल्यास तिचा दिवा लागतो का, आणि ती ज्या खोलीत ठेवली आहे तिची किल्ली कुणाच्या घरी असते. हातकणंगले आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या गावांची अशी यादी माझे विद्यार्थी या दिवाळीच्या सुट्टीत करणार आहेत. ऊसतोडीच्या पालांवरही ती जाणार आहेत.